जस्ताचे दिवस

मखमलाबादच्या मळ्यात राहणाऱ्या गोजराबाईंना कुणी कधी विचारलं नव्हतं की, बाई, तुम्ही आज काय काय खाल्लंत? अठ्ठावन्न वर्षांत नाही. आई विचारायची, "जेवलीस का?" सासू विचारायची, "आवरलं का?" नवरा कोंडाजी भला माणूस होता, पण ताटावर बसला की ताटाकडेच बघायचा. तो जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती. मुलगा समाधान आणि सून प्रतिभा दोघंही जीव लावणारी; पण काय खाल्लं, कधी खाल्लं, खाल्ल्यावर कसं वाटलं, हे विचारत बसायला कुणाला सवड असते? त्यामुळे त्या चैत्रात, दवाखान्यातल्या शुभांगी नावाच्या मुलीने पेनाचं टोपण काढून हा प्रश्न विचारला, तेव्हा गोजराबाई जरा वेळ तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"कोण, मी?" त्या म्हणाल्या.

"हो मावशी, तुम्हीच. सकाळी उठल्यापासून सांगा."

सकाळी उठल्यापासून! गोजराबाईंनी डोळे मिटले. सकाळी उठल्यापासून तर फुलंच होती. दीड एकराचा मळा, त्यात झेंडू, शेवंती, बांधाला निशिगंध. दिसायला लागलं की खुडायला सुरुवात, उन्हं वर यायच्या आत पाट्या भरून फुलबाजारात. तिथे पोत्यावर बसून ओवायचं आणि विकायचं. त्यात काय खाल्लं? चहा. चहा तर होताच. बाजारातला चहावाला फेरी मारायचा तेवढ्या वेळा चहा. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि नऊवर येऊन थांबल्या. शुभांगीने नऊ लिहिलं.

साखरेचा आजार त्यांना आठ वर्षांपासून होता. गोळ्या होत्या, पण गोळ्यांचं गोजराबाईंचं स्वतःचं शास्त्र होतं. औषध हे दुखण्यासाठी असतं. दुखत नसेल तर उगाच कशाला? पाय जळजळायला लागले, रात्रीतून चार वेळा उठावं लागलं, की गोळी सुरू. बरं वाटलं की गोळी फळीवर. असं करता करता चैत्रात पंचवटीतल्या दवाखान्यात तपासायला गेल्या, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तीन महिन्यांची साखर साडेनऊच्या वर गेलीय. आणि मग म्हणाल्या, "आमच्याकडे एक अभ्यास चाललाय. सहा महिन्यांचा. याल का त्यात?"

तो अभ्यास काय, ते शुभांगीने एका बाजूच्या खोलीत बसवून वाचून दाखवलं. चांगली चार पानं होती. मुलगी सावकाश वाचत होती, मधेमधे थांबून "कळलं का?" म्हणत होती. साखरेच्या रोग्यांना अगदी थोड्या प्रमाणात काही खनिजं दिली तर साखर उतरायला मदत होते का, हे बघायचं होतं. जस्त आणि क्रोमियम. अर्ध्या लोकांच्या डबीत ही खनिजं असतील, अर्ध्यांच्या डबीत तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅपसूल. कुणाच्या डबीत काय आहे ते रोग्यालाही माहीत नसणार, शुभांगीलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. आणि नेहमीच्या साखरेच्या गोळ्या? त्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

एवढं सगळं वाचलं, पण गोजराबाईंच्या कानात एकच शब्द राहिला.

"जस्त म्हंजी? बादलीचं?"

शुभांगी हसली. "तेच मावशी. पण चिमटीत धरता येणार नाही इतकंसं. आपल्या अंगात असतंच ते थोडं."

"आमचा समाधान झेंडूवर मारतो की. झिंक. पानं पिवळी पडली की मारतो, मग आठ दिसांत हिरवीगार."

"हां, तेच झिंक."

"मग बरोबर हाय," गोजराबाई म्हणाल्या आणि जिथे दाखवली तिथे चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात सही केली.

त्या दिवसापासून गोजराबाईंचे जस्ताचे दिवस सुरू झाले.

डबी पांढरी होती, झाकण निळं. सकाळी एक, संध्याकाळी एक. सोबत एक वही, बोट टोचून साखर बघायचं छोटं यंत्र, आणि एक कागद, त्यावर सगळ्यांसाठी सारख्या सूचना: अर्धा तास चाला, जेवणाच्या वेळा पाळा, खाल्लेलं लिहा. गोजराबाईंनी चाळीस वर्षांत सहीखेरीज काही लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी 'भाकरी' लिहायला त्यांना एवढा वेळ लागला की चुलीवरचं दूध उतू गेलं. प्रतिभा म्हणाली, "आत्या, सांगा, मी लिहिते." त्या नाही म्हणाल्या. वहीवर आपल्या हाताने उमटलेलं ते वेडंवाकडं 'भाकरी' बघून त्यांना गंमत वाटत होती. आपण खाल्लेली भाकरी पोटात गेली की संपते, असंच त्यांना आजवर वाटत आलं होतं. ही राहिली होती.

आणि चालणं. त्यांचा सगळा जन्म चालण्यातच गेला होता, पण रिकामं असं त्या कधी चालल्याच नव्हत्या. डोक्यावर पाटी नाही, काखेत कळशी नाही, हातात विळा नाही. पहिल्या दिवशी पाटाच्या कडेने निघाल्या तेव्हा हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मागे बांधले, पुढे घेतले, शेवटी पदराचं टोक धरलं. पाटाचं पाणी बाजूने चाललेलं, संथ, गढूळ, त्यांच्याच वेगाने. पलीकडे द्राक्षांच्या बागा, त्यावर धुक्याचा पातळ थर. त्यांना वाटलं, पाणी आपल्याला सोबत घेऊन चाललंय. परत फिरल्यावर मात्र पाणी उलट दिशेने जात होतं, आणि त्यांना त्याला पाठमोरं टाकून आल्यासारखं जरासं वाईट वाटलं.

दुपारच्या जेवणानंतर त्या पडवीत आडव्या व्हायच्या. आधी झोप यायची ती दगडासारखी, तोंडाला कोरड पाडणारी. आता वेगळीच येऊ लागली. अर्धी आत, अर्धी बाहेर. शेवंतीच्या वाफ्यात कुणी पाण्याची दारं धरतंय तो आवाज ऐकू यायचा आणि त्याच वेळी दुसरंच काही दिसायचं. त्यांच्या माहेरी, गिरणारेला, जस्ताची एक मोठी बादली होती. नवी होती तेव्हा तिच्या अंगावर नक्षी होती, कुणी काढलेली नाही, पत्र्यातच उमटलेली. थंडीत खोबरेल गोठतं तशी, एकात एक गुंतलेल्या चांदण्यांसारखी. लहानपणी गोजरा त्या बादलीत तोंड घालून बसायची. आता पडवीत डोळे मिटले की त्या चांदण्या बादलीवरून सुटत, एकेक करून. पाण्यात उतरत. आणि ते पाणी पाण्यासारखं नसे, कोमट असे, लाल असे, गोजराबाईंच्या हातापायांतून फिरत असे. टाचेपर्यंत जाऊन, जिथे जळजळायचं तिथे जरा थांबून, चांदण्या परत वर येत. त्यांना ते सगळं स्पष्ट जाणवे. उठल्यावर पाय हलके वाटत.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त एकदा शुभांगीला म्हणाल्या, "पोरी, ते जस्त फिरतंय बरं का आत. कळतंय मला."

शुभांगीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मावशी, तुमच्या डबीत जस्तच असेल असं नाही हं. मी वाचून दाखवलं होतं ना?"

"व्हय, व्हय," गोजराबाई म्हणाल्या. असेल कुणाच्या तरी डबीत नुसतंच, आपल्या नाही.

दर दुसऱ्या बुधवारी सिटीलिंकच्या बसने त्या दवाखान्यात जायच्या. खिडकीजवळची जागा, मांडीवर पिशवी, पिशवीत वही, डबी, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि शुभांगीसाठी ओंजळभर फुलं. त्या खोलीत गारवा असायचा, निळ्या खुर्च्या असायच्या, आणि खिडकीतून एक कदंब दिसायचा. नंबर येईपर्यंत त्या कदंबाकडे बघत बसून राहायच्या. घाई नाही, हाक नाही, ओवायचं नाही. मग शुभांगी नाव घ्यायची, पुरं नाव, जसं कुणी लग्नपत्रिकेवर छापतं तसं. उरलेल्या कॅपसूल ताटलीत ओतून मोजायची. साखरेच्या गोळ्यांची पाकिटंही बघायची. "एकही चुकली नाही मावशी!" मग वही उघडायची आणि खरंच वाचायची. पान न पान.

"हे काय, सोमवारी पाचच चहा?"

"तू वाचणार म्हणून," गोजराबाई लाजून म्हणाल्या.

पाचाचे चार झाले, चाराचे तीन. आषाढात एकदा बिनसाखरेचा पिऊन बघितला आणि वहीत लिहिलं, 'चहा १ कडू'. श्रावणातल्या तपासणीत तीन महिन्यांची साखर आठच्या जरा वर आली. घटस्थापनेच्या आधीच्या बुधवारी, शेवटच्या खेपेला, ती सात पूर्णांक चार होती. डॉक्टरीणबाईंनी स्वतः उठून त्यांचा खांदा थोपटला.

तोवर गोष्ट सगळीकडे पसरली होती. दसऱ्याच्या फुलांची गर्दी, बाजारात पाय ठेवायला जागा नाही, आणि गोजराबाई पोत्यावरून अशा उठत-बसत होत्या की शेजारच्या बायका बघत राहायच्या. "गोजराबाई, तब्येत उघडली की तुमची. काय घेता काय?"

"जस्त," गोजराबाई म्हणायच्या. त्या शब्दाला त्यांच्या तोंडात एक चव आली होती. "जस्त घेते. बादलीचं असतं ना, तेच. पण बारीक."

ऐकणाऱ्यांत त्यांच्या थोरल्या जाऊबाई होत्या. सावित्रीबाई. वय चौसष्ट, शेजारच्याच मळ्यात राहायच्या. मधे फक्त एक बांध. गोजराबाई सोळाव्या वर्षी या घरात आल्या तेव्हा फुलं ओवायला, भाकरी थापायला, सासूपुढे गप्प राहायला, सगळं सावित्रीबाईंनी शिकवलं. कडक बाई. शिकवलेलं विसरलं की चिमटा काढायच्या. त्यांना बारा वर्षांची साखर, गोळ्या दिवसाला चार. दसऱ्याच्या दिवशी त्यांनी ऐकून घेतलं, हूं म्हटलं, आणि पुढच्या झेंडूत सुई घातली.

दिवाळीनंतर गोजराबाईंना सावित्रीबाईंच्या फळीवर एक बाटली दिसली.

"योगेशला सांगून आणवली," सावित्रीबाई म्हणाल्या. योगेश म्हणजे त्यांचा मुलगा, अंबडला कारखान्यात होता. "जस्ताचीच हाय. तुझ्यावाणी."

गोजराबाईंना अभिमान वाटला. उभ्या जन्मात थोरलीने धाकटीचं पहिल्यांदाच काही उचललं होतं.

माघात शुभांगीचा फोन आला. सगळ्या रोग्यांचे सहा महिने पुरे झाले होते, संगणकातली यादी उघडली होती, आणि कुणाच्या डबीत काय होतं ते ज्याला हवं त्याला सांगत होते. "यायचं का मावशी?" गोजराबाई नवं लुगडं नेसून गेल्या. निशिगंधाचा गजरा नेला.

कदंबाची पानं गळली होती. शुभांगीने समोर खुर्ची ओढली, अगदी जवळ, आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मावशी, तुमच्या डबीत जस्त नव्हतं."

गोजराबाई हसल्या. त्यांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय.

"नव्हतं? मंग काय व्हतं?"

"मक्याचं सत्त्व. नुसतं पांढरं पीठ. त्यात औषध काहीच नव्हतं."

खोलीतला गारवा एकदम वाढल्यासारखा वाटला. गोजराबाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. टाचेपर्यंत जाणाऱ्या त्या चांदण्या. दुपारी, पडवीत. त्या कुठून आल्या होत्या मग? लग्नात रात्रभर शेजारी बसून सुखदुःख बोललेली पाहुणी, आणि सकाळी यजमान म्हणतोय की अशी कुणी बाई आलीच नव्हती, तसं त्यांना झालं. राग नाही आला. फक्त मांडीवरची पिशवी त्यांनी घट्ट धरली.

"मंग माझी साखर कशानं उतरली गं?"

शुभांगीने वह्या काढल्या. चार वह्या भरल्या होत्या. पानं उलटून दाखवत गेली. नऊ चहा. पाच चहा. दोन चहा. रोज पाटावरून चालणं, एकशेअडुसष्ट दिवसांतले एकशेसाठ. साखरेची गोळी, आठ वर्षांत पहिल्यांदा, एकही दिवस न चुकता. "हे सगळं तुम्हीच केलंत, मावशी. दुसऱ्या कुणी नाही."

तिला वाटलं होतं, हे ऐकून मावशी खुलतील. पण गोजराबाई अवघडल्या. जस्ताचं कौतुक करायला त्यांना सोपं गेलं होतं. हे नवं कौतुक कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

डॉक्टरीणबाई आल्या. त्या म्हणाल्या, "खनिजं घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांत आम्हाला फार थोडा फरक दिसला. एवढ्याशा अभ्यासावरून छातीठोक काही सांगता येत नाही. कुणाच्या रक्तात जस्त खरंच कमी असेल तर ते तपासून द्यावं लागतं, ती गोष्ट वेगळी. पण एक नक्की. साखरेची गोळी सोडून तिच्या जागी कुणी हे घेऊ नये."

"तिच्या जागी," गोजराबाईंनी मनातल्या मनात म्हटलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ बसल्या. बाहेर सगळं नेहमीचंच सरकत होतं, पण काचेमागे कुणी पाणी ओतल्यासारखं. जस्त नव्हतं. सहा महिने त्यांनी ज्याच्याशी गुजगोष्टी केल्या ते मक्याचं पीठ होतं. त्यांना एकदा हसूही आलं, आणि बाजूच्या बाईने वळून पाहिलं. मग हळूहळू, झोपेत कुणी नाव घेऊन हाक मारावी तसं, एकेक आठवायला लागलं. संक्रांतीला सावित्रीबाईंनी तीळगूळ हातात घेऊन परत ठेवला होता. "तोंडाला लोखंडाची चव येती," म्हणाल्या होत्या. गेल्या आठवड्यात ओवता ओवता सुई बोटात गेली तरी कळलं नव्हतं त्यांना. सारखा तांब्या तोंडाला. आणि फळीवर ती बाटली. फळीवर बाटलीच. शेजारी गोळ्यांची पाकिटं असायची, चंदेरी, रबर लावलेली. ती दिसली होती का? गोजराबाईंनी डोळे मिटून ती फळी पुन्हा पाहिली. हळदीचा डबा, काड्यापेटी, बाटली. पाकिटं नव्हती.

डोळे उघडले तर त्यांचा थांबा मागे गेलेला. शेवटच्या थांब्यावर उतरून त्या उलट्या चालत निघाल्या, नव्या लुगड्याचा काठ धुळीत, इतक्या भराभर की रस्त्यातल्या ओळखीच्या माणसाने विचारलं, कुणी गेलं का?

सावित्रीबाई ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात शेवंती, पण हात मांडीवर.

"आक्का, गोळ्या कुठं तुमच्या? साखरेच्या?"

"त्या व्हय? सोडल्या की. दिवाळीपासून. दोन दोन कशाला? तुझं जस्त घेते, दिवसातून तीनदा."

गोजराबाई ओट्याच्या पायरीवरच बसल्या. आणि सगळं सांगितलं. डबी, संगणक, मक्याचं पीठ. वही, चहा, पाट. आपण कधीच गोळी सोडली नव्हती हेही. सांगताना त्यांना घाम आला, कारण बेचाळीस वर्षांत थोरलीला काही समजावून सांगायची त्यांच्यावर वेळ आली नव्हती.

सावित्रीबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "तुझं उतरलं तवा जस्त चांगलं. आता मी घ्यायला लागले तर वाईट?"

"तसं नाय आक्का..."

"मला शिकवू नको गोजरे. सुई धरायला मी शिकवली तुला."

यापुढे बोलून उपयोग नव्हता, हे गोजराबाईंना माहीत होतं. त्यांनी पिशवीतून साखर बघायचं यंत्र काढलं. आधी आपलंच बोट टोचलं. थेंब पट्टीला लावला. एकशे एकेचाळीस. यंत्र सावित्रीबाईंच्या समोर धरलं, नवी पट्टी घातली आणि हात पसरून बसून राहिल्या. तशाच. कोंबड्या अंगण ओलांडून गेल्या. बांधापलीकडून समाधानच्या पंपाचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने सावित्रीबाईंनी बोट पुढे केलं, दुसरीकडे बघत.

तीनशे चौऱ्याण्णव.

"तुझं यंत्र तुझ्याच हाताला सरावलंय," सावित्रीबाई म्हणाल्या. "परत बघ."

परत बघितलं. चारशे दोन.

सावित्रीबाईंनी तो आकडा पाहिला. चेहऱ्यावरचा कडकपणा तसाच होता, पण ओठ कोरडे पडले होते आणि त्यावरून जीभ फिरत होती. "योगेशला फोन लाव," त्या म्हणाल्या. आणि मग, ज्यासाठी गोजराबाई तयार नव्हत्या असं काही: "मला लय भ्या वाटतंय गं. आठ दिस झाले. कुणाला सांगू?"

दोन दिवस त्या दवाखान्यात होत्या. सलाईन, इन्सुलिन. डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेऊन वाचली आणि मान हलवली. दिवसातून तीनदा म्हणजे गरजेच्या कितीतरी पट. मळमळ, तोंडाची ती चव त्यानेच. रागावल्या मात्र नाहीत. गोळ्या बदलून दिल्या. गोजराबाई दोन्ही दिवस उशाशी बसून होत्या. थोरलीचे पाय चेपावेत का, याचा विचार करत. कारण सासूचे चेपले होते, पण यांचे कधी नाही. दुसऱ्या दुपारी चेपायला लागल्या. सावित्रीबाई झोपेचं सोंग घेऊन पडून राहिल्या.

"माझ्यामुळं झालं आक्का," एकदा त्या म्हणाल्या. "मीच गावभर सांगत सुटले."

सोंग मोडलं नाही, पण आवाज आला. "इचारलं नाय मी. तुला एकदा इचारायचं व्हतं, गोळ्या सोडल्या का म्हणून. लाज वाटली."

फुलबाजारात मग गोजराबाईंनी ज्यांना ज्यांना जस्त सांगितलं होतं त्यांना त्यांना गाठून खरं सांगितलं. आठ दिवस लागले. काहींनी हसून घेतलं. एकीने आधीच बाटली आणली होती, पण गोळ्याही चालू ठेवल्या होत्या. ती म्हणाली, आता संपवते आणि मग बघते डॉक्टरला विचारून. हार-तुऱ्यांवाल्या झुंबरबाई म्हणाल्या, "म्हंजी फुकाच येवढं कौतुक केलं तुम्ही?" गोजराबाईंनी पुढचं फूल सुईत घेतलं. दिवसभर ओवताना त्या याचं उत्तर शोधत राहिल्या.

दुपारची झोप काही दिवस बिघडली. पडवीत पडलं की मोकळं मोकळं वाटायचं, घरातलं एखादं जुनं भांडं कुणाला तरी देऊन टाकल्यासारखं. मग फाल्गुनातल्या एका दुपारी पुन्हा ती अर्धी झोप आली. दारं धरल्याचा आवाज आला. डोळ्यांपुढे पाणी होतं, नुसतंच, त्यात काही चमकत नव्हतं. कोमट, सावकाश, टाचेपर्यंत जाऊन परत येणारं. गोजराबाईंना ते पुरेसं वाटलं. तशाच पडून राहिल्या, चारची उन्हं पायांवर येईपर्यंत.

सावित्रीबाई चालायला यायला तयार नव्हत्या. रिकामं चालणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम. शेवटी गोजराबाईंनी पाटापलीकडच्या बागेतून कढीपत्ता आणायचं निमित्त काढलं. रोज कढीपत्ता. तिसऱ्या आठवड्यात दोघींच्या घरी एवढा कढीपत्ता साठला की प्रतिभाने चटणी करून शेजारी वाटली, आणि मग निमित्ताची गरज उरली नाही. थोरली पुढे, धाकटी दोन पावलं मागे, जशा त्या नेहमीच चालत आल्या होत्या. वैशाखात कधीतरी ती दोन पावलं गळून पडली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

ज्येष्ठातल्या तपासणीत सावित्रीबाईंची तीन महिन्यांची साखर आठ पूर्णांक एक आली. गोजराबाईंचीही थोडी चढली होती, सात पूर्णांक आठ. दोन लग्नं आणि आंब्याचे दिवस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, पुन्हा उतरेल. शुभांगी दुसऱ्या शहरात गेली होती. तिच्या जागी एक नवा मुलगा होता, नाव विचारून कागदावर लिहिणारा, वर न बघणारा. गोजराबाईंनी त्यालाही फुलं दिली. तो गोंधळला, मग टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पाटावर होत्या. आभाळ भरून आलं होतं, वारा नव्हता, पाणी थांबल्यासारखं दिसत होतं. पुलाच्या कठड्याशी सावित्रीबाई थांबल्या.

"गोजरे, एक इचारू? खरं सांगशील?"

"इचारा की आक्का."

"ते मक्याचं पीठ. त्यांच्याकडं अजून हाय का गं शिल्लक?"

गोजराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सावित्रीबाईंचा चेहरा गंभीर होता, अगदी चिमटा काढायच्या आधी व्हायचा तसा. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. गोजराबाईंना आधी कळलंच नाही, कारण थोरली जाऊ हसताना त्यांनी फार थोड्या वेळा पाहिली होती. आणि मग दोघीही कठड्याला टेकून, पदर तोंडाला लावून, पोट धरून हसायला लागल्या. पाटाकडेचा एक बगळा उडून पलीकडच्या बागेत जाऊन बसला.

"चल," डोळे पुसत सावित्रीबाई म्हणाल्या. "फुलं खुडायची राहिलीत."